संवेदनशील त्वचेला रोज सनस्क्रीन स्टिक : कोकण किनाऱ्यावरच्या लोकांचे नेहमीचे प्रश्न

रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात मी मेडिकलच्या काउंटरवर बसते. गेल्या काही वर्षांत सनस्क्रीनची स्टिक मागणारे वाढलेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची तक्रार एकच असते: क्रीम लावलं की तोंडाची आग होते. त्यांचे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र ठेवते आहे. मी फार्मासिस्ट आहे, त्वचारोगतज्ज्ञ नव्हे. जिथे डॉक्टरांनीच बघायला हवं, तिथे तसं लिहिलं आहे.

ट्यूबमधल्या क्रीमपेक्षा स्टिकमध्ये वेगळं काय असतं?

क्रीम आणि लोशनमध्ये पाणी असतं. पाणी आलं की बुरशी आणि जंतू वाढू नयेत म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह घालावे लागतात, तेल आणि पाणी एकत्र राहावं म्हणून इमल्सिफायर लागतात. जेलमध्ये पुष्कळदा अल्कोहोलही असतं. संवेदनशील त्वचेची चुरचुर अनेकदा या बाकीच्या सामानामुळे होते. स्टिक बहुतेक वेळा पाण्याशिवाय बनते. मेण, तेलं आणि त्यात मिसळलेले ऊन अडवणारे घटक, एवढाच तिचा मुख्य ऐवज. त्यामुळे काही लोकांना ती खरोखर सोसते. दुसरा फायदा डोळ्यांचा. घामाबरोबर क्रीम डोळ्यांत उतरून जी झोंबाझोंबी होते, ती स्टिकने बरीच कमी होते, कारण मेण जागचं फारसं हलत नाही.

पण स्टिक म्हणजे आपोआप सौम्य, असं समजू नका. सुगंध, लॅनोलिन, मधमाशीचं मेण, लव्हेंडर किंवा संत्र्याच्या सालीचं तेल हे स्टिकमध्येही असू शकतं, आणि त्यातलं प्रत्येक कुणाला ना कुणाला बाधतं.

रोज फक्त स्टिकच लावली तर चालेल का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उत्तर देण्याआधी थोडं गणित करावं लागेल.

पॅकवर लिहिलेला एसपीएफ, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा आकडा, प्रयोगशाळेत मोजताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम सनस्क्रीन लावलेलं असतं. चेहरा, कान आणि गळ्याचा पुढचा भाग मिळून साधारण ६०० चौरस सेंटिमीटर धरले, तर एका वेळेला १.२ ग्रॅम लागतं. बाजारातली स्टिक साधारण १५ ते २० ग्रॅमची असते. म्हणजे २० ग्रॅमची स्टिक सोळा-सतरा वेळा लावल्यावर संपायला हवी. दिवसातून दोनदा लावली तर आठवडाभरात.

आता घरातली स्टिक आठवा. ती किती महिने चालली? एकच स्टिक तीन-तीन महिने पुरवणारी माणसं मला रोज भेटतात आणि "५० एसपीएफ लावूनही रापले" असं सांगतात. त्यांच्या चेहऱ्यावर ५० एसपीएफ कधी पोचलेलाच नसतो. थर पातळ झाला की संरक्षण झपाट्याने खाली येतं.

म्हणून माझा सल्ला असा, की सकाळचा पहिला थर सोसणाऱ्या क्रीमचा किंवा लोशनचा द्यावा. दोन बोटांवर पूर्ण लांबीची रेघ काढली की चेहरा-गळ्यापुरतं होतं. स्टिक पर्समध्ये, खिशात ठेवावी आणि दिवसभरात पुन्हा लावण्यासाठी वापरावी. रस्त्यात, होडीत, बागेत हात धुवायला पाणी नसताना क्रीम कोण लावतं? स्टिक लावता येते, आणि म्हणून ती लावली जाते. तिची खरी किंमत तिथे आहे.

पण मला एकही क्रीम सोसत नाही. मग?

मग फक्त स्टिक वापरा, मात्र भरपूर. ती आठ-पंधरा दिवसांत संपणार हे मनाशी धरूनच घ्या. त्याआधी एक करून बघा: सुगंध नसलेलं, फक्त झिंक ऑक्साइडवालं साधं क्रीम. "सगळी क्रीमं बाधतात" म्हणणाऱ्यांपैकी काहींना हे निभावतं, कारण त्यांनी तोवर जेल आणि सुगंधी लोशनच वापरलेली असतात.

स्टिक लावायची कशी?

चेहरा कोरडा हवा. गालावर स्टिक टेकवून एकाच पट्ट्यात चार वेळा मागेपुढे फिरवा, मग शेजारचा पट्टा, आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवून. एकदा फिरवून पुढे गेलात तर मधे कोरड्या रेघा राहतात. नंतर स्वच्छ बोटांनी हलके थापून थर सारखा करा. रगडू नका, रगडल्याने थर निघतो आणि नाजूक कातडी लाल होते.

विसरल्या जाणाऱ्या जागा: कानाच्या पाळ्या आणि कानांचा वरचा काठ, नाकपुडीची बाजू, केसांच्या रेषेलगतचं कपाळ, मानेची मागची बाजू, हाताचा पंजा. स्कूटर चालवणाऱ्या बायकांचे पंजे चेहऱ्याच्या दोन छटा पुढे काळवंडलेले दिसतात.

पुरेसं लावता की नाही हे तपासायचा एक उपाय मी सगळ्यांना सांगते. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर स्टिक तोला आणि वजन लिहून ठेवा. चेहरा-गळ्याला पाच वेळा लावून झाली की परत तोला. सुमारे ६ ग्रॅम कमी झालेली असायला हवी. दोनच ग्रॅम कमी झाली असेल तर तिप्पट लावायची आहे.

एसपीएफ ३० घ्यावा की ५०?

नीट लावलं तर ३० वाला यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवतो, ५० वाला सुमारे ९८ टक्के. फरक एवढासाच आहे. पण नीट लावणारे थोडे, म्हणून स्टिकमध्ये ५० घ्या.

पॅकवर काय वाचायचं?

एसपीएफ हा मुख्यतः यूव्हीबीचा आकडा. त्वचा भाजते, सोलते ती प्रामुख्याने या किरणांनी. यूव्हीए किरण आणखी खोल जातात. काळे डाग, सुरकुत्या आणि उन्हाची ॲलर्जी यांत त्यांचा मोठा हात असतो. त्यांच्यासाठी "ब्रॉड स्पेक्ट्रम" हे शब्द किंवा पीए ही खूण बघा. पीए ही जपानी पद्धत आहे, जितकी अधिक चिन्हं तितकं यूव्हीएपासून संरक्षण जास्त. पीए+++ च्या खाली जाऊ नका.

मग मागची बारीक अक्षरं वाचा. संवेदनशील त्वचेसाठी झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड हे दोन खनिज घटक पहिली पसंती, कारण त्यांची ॲलर्जी फार क्वचित दिसते. ऑक्सिबेन्झोन हा ऊन अडवणारा रासायनिक घटक मात्र टाळा. ते बेन्झोफेनोन गटातलं आहे, आणि अमेरिकेतल्या काँटॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१४ साली याच गटाला वर्षाचा ॲलर्जेन, म्हणजे ॲलर्जी आणणारा घटक, म्हणून जाहीर केलं होतं. ऑक्टोक्रायलीन या ऊन अडवणाऱ्या दुसऱ्या घटकाबद्दल एक खास सूचना: गुडघ्याला, कंबरेला केटोप्रोफेनचं वेदनाशामक जेल लावून ज्यांना उन्हात पुरळ उठलेलं आहे, त्यांना ऑक्टोक्रायलीनचाही त्रास होऊ शकतो. आमच्याकडे हे जेल घरोघरी असतं, पण दोन्हींचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही.

"हायपोॲलर्जेनिक" या शब्दावर विसंबू नका. "डर्मटॉलॉजिस्ट टेस्टेड" म्हणजे कुणी, किती लोकांवर, कसं तपासलं हे पॅक सांगत नाही. "नैसर्गिक" लिहिलेल्या स्टिकमध्ये टी ट्री, लिंबू, लव्हेंडरची तेलं असतील तर ती मी संवेदनशील चेहऱ्याला देत नाही.

भारतात सनस्क्रीन सौंदर्यप्रसाधनांत मोडतं आणि त्याला २०२० चे कॉस्मेटिक्स रूल्स लागू होतात. त्यामुळे उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि मुदत पॅकवर असायलाच हवी. आठवडी बाजारात किंवा ऑनलाइन फार स्वस्त मिळालेल्या स्टिकवर यातलं काही नसेल तर ती चेहऱ्याला लावू नका.

नवी स्टिक चेहऱ्याला लावण्याआधी चाचणी कशी घ्यायची?

कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी सकाळ-संध्याकाळ लावा, रोज त्याच जागी, आठवडाभर. ॲलर्जी पहिल्या दिवशी दिसेलच असं नाही, ती चार-पाच दिवसांनीही उमटते. लाली, खाज, बारीक पुरळ आलं नाही तर कानामागे किंवा जबड्याच्या कडेला दोन-तीन दिवस, मग चेहरा. सणाच्या किंवा लग्नाच्या आदल्या दिवशी नवी स्टिक उघडू नका.

लावल्या लावल्या चुरचुरलं आणि काही मिनिटांत थांबलं, तर बहुधा ती नुसती जळजळ आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाजरं, लाल पुरळ आलं तर ॲलर्जीची शंका घ्या आणि स्टिक बंद करा. एक तिसरा प्रकारही आहे: घरात काही होत नाही, उन्हात गेलं की मगच पुरळ उठतं. कोपराच्या आतली चाचणी हा प्रकार पकडत नाही, कारण त्या जागेला ऊन लागत नाही. तसं वाटलं तर डॉक्टरांकडेच जायला हवं.

इथे एवढा घाम येतो, लावलेलं टिकतं तरी का?

दमट हवेत घाम वाळत नाही, ओघळत राहतो, आणि त्यात खारा वारा. मेणामुळे स्टिक क्रीमपेक्षा जरा चिवट असते, पण अढळ नसते. "वॉटर रेझिस्टंट ४० मिनिटं" किंवा "८० मिनिटं" याचा अर्थ पाण्यात किंवा घामात तेवढा वेळ संरक्षण टिकतं, नंतर परत लावायचं. "वॉटरप्रूफ" असा दावा करायला अमेरिकेत २०११ च्या नियमांनी बंदी घातली, कारण घामापाण्याने अजिबात जात नाही असं सनस्क्रीन नसतं.

पुन्हा लावायची रीत महत्त्वाची आहे. घामेजलेल्या चेहऱ्यावर तशीच स्टिक फिरवली तर ती घसरते, थर बसत नाही, आणि चेहऱ्यावर सुकलेलं मीठ कातडीवर घासलं जातं. मग लोक म्हणतात, स्टिकने आग झाली. आधी मऊ सुती रुमाल साध्या पाण्यात भिजवून चेहऱ्यावरचं मीठ टिपून घ्या, कोरड्या कोपऱ्याने टिपा, मिनिटभर थांबा, मग लावा. उन्हात असाल तर दर दोन तासांनी. समुद्रातून बाहेर आल्यावर किंवा टॉवेलने तोंड पुसल्यावर लगेच.

रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्यांना, मासे वाळत घालणाऱ्या बायकांना हे दर दोन तासांनी जमणार नाही, याची मला जाणीव आहे. त्यांच्यासाठी खाली वेगळा प्रश्न आहे.

ऊन नेमकं कधी टाळायचं?

सकाळी दहा ते दुपारी चार. आपला किनारा भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या बऱ्याच पश्चिमेला आहे, त्यामुळे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, साडेबारा-पाऊणच्या सुमारास. साडेअकरा ते दीड हा सगळ्यात कडक काळ. मेच्या पहिल्या पंधरवड्यात सावंतवाडी ते रत्नागिरी पट्ट्यात सूर्य एका दुपारी थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. घड्याळ नको असेल तर सावली बघा. ती तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर डोक्यावर काहीतरी घ्या.

पावसाळ्यातही लावायची?

काळंकुट्ट आभाळ आणि धो-धो पाऊस असताना घरातून निघणार नसाल तर सोडा. पण पातळ मळभातून अतिनील किरणांचा मोठा भाग खाली येतो. ऊन लागत नाही म्हणून माणूस बाहेर जास्त वेळ थांबतो आणि संध्याकाळी नाक लाल होतं. श्रावणातल्या ऊन-पावसाच्या खेळात तर नक्की लावा.

भातलावणी करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, धोका असतो तिथे आरोग्य खात्याकडून या दिवसांत डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या दिल्या जातात. या औषधाने काहींची त्वचा उन्हाला फार हळवी होते, थोड्या उन्हानेही चेहरा आणि हातांचे पंजे भाजल्यासारखे लाल होतात. गोळी बंद करू नका, लेप्टो जीव घेतो. गोळी चालू असताना उघड्या भागांवर भरपूर यूव्हीए संरक्षण असलेलं सनस्क्रीन लावा, लांब बाह्या घाला, आणि फारच लाली आली तर गोळी देणाऱ्या डॉक्टरांना किंवा आरोग्यसेविकेला दाखवा. मुरुमांसाठी हीच गोळी महिनोन् महिने घेणाऱ्या मुलामुलींनाही हे लागू आहे. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी, विशेषतः हायड्रोक्लोरोथायझाइड असलेल्या, असंच होऊ शकतं.

आंब्याच्या दिवसांत तोंड उठतं. वर स्टिक लावू का?

चीक लागून चट्टा उठलाय, पाणी सुटतंय, खपली धरली आहे, अशा जागी कुठलंच सनस्क्रीन लावू नका. ती जागा धुऊन, झाकून बरी होऊ द्या. झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) आंबा काढताना देठाचा चीक उडतो आणि भाजल्याचे डाग पडतात. काजू भाजताना आणि फोडताना टरफलातलं तेल उडतं ते आणखी जहाल. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले असल्याने एकाने ज्याला त्रास होतो त्याला दुसऱ्यानेही होऊ शकतो. असा चट्टा बरा झाल्यावर मागे काळा डाग राहतो, आणि ऊन लागलं तर तो महिनोन् महिने जात नाही. स्टिकचं काम तिथे सुरू होतं. कातडी पूर्ण भरली, खाज गेली, की डागावर रोज लावा. लहान जागेला ती नेमकी लावता येते.

लिंबाचा रसही असाच. सरबत करताना हातावर उडालेला रस न धुता उन्हात गेलात तर तिथे काळपट चट्टे उठतात. अगोदरच कातडी नाजूक असेल तर हात साबणाने धुऊनच बाहेर पडा.

समुद्रावर, होडीत, डायव्हिंगला जाताना?

वाळू सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत वर फेकतो, म्हणून छत्रीखाली बसूनही हनुवटी आणि नाकाखालचा भाग रापतो. तिथेही लावा.

तारकर्ली-मालवणला पाण्यात उतरणार असाल तर आपल्या प्रवाळांचाही विचार करा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातल्या पाण्यात प्रवाळ आहेत. प्रवाळ पांढरे पडण्याचं मोठं कारण तापत चाललेला समुद्र हेच आहे. तरी प्रयोगशाळेत ऑक्सिबेन्झोनचा प्रवाळांवर वाईट परिणाम दिसल्यामुळे हवाई राज्याने ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनची विक्री २०२१ पासून थांबवली. संवेदनशील त्वचेला ऑक्सिबेन्झोन नकोच असतं, तेव्हा इथे दोन्ही हेतू एकत्र साधतात. त्याहून उत्तम म्हणजे पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट. जेवढं अंग झाकलं तेवढं सनस्क्रीन पाण्यात कमी जातं.

वांगावर स्टिक चालते का?

चालते, पण रंग असलेली घ्या. वांग फक्त अतिनील किरणांनी वाढत नाही, डोळ्यांना दिसणारा प्रकाशही आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत डाग गडद करतो, आणि साधं सनस्क्रीन तो अडवत नाही. तो अडवतो आयर्न ऑक्साइड. त्वचेच्या रंगाच्या, म्हणजे टिंटेड स्टिकमध्ये हेच असतं. झिंकचा पांढरट थर सावळ्या चेहऱ्यावर राखेसारखा दिसतो, ती अडचणही यामुळे कमी होते. गरोदरपणात वांग येतं तेव्हाही डॉक्टरांना विचारून खनिज घटकांची टिंटेड स्टिक वापरता येते.

"गोरं होण्याचं क्रीम" बंद केल्यापासून काहीच सोसत नाही. स्टिक चालेल?

या प्रश्नावर मी नेहमी जास्त वेळ थांबते. वांगासाठी, नायट्यासाठी किंवा नुसतं उजळ दिसण्यासाठी मैत्रिणीने सांगितलेली ट्यूब महिनोन् महिने लावली जाते. त्यात पुष्कळदा स्टिरॉइड असतं, सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. सुरुवातीला चेहरा झकास दिसतो. मग कातडी पातळ होते, बारीक लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, उन्हात आणि चुलीपुढे आग होते, आणि ट्यूब बंद केली की चेहरा पेटतो. पुष्कळ बायका स्वतःला "संवेदनशील त्वचेची" समजतात, आणि मुळात ती या ट्यूबने तशी केलेली असते. २०१८ साली सरकारने अनेक स्टिरॉइड मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांत घातलं, ते याचसाठी.

अशा चेहऱ्याला डॉक्टरांची गरज आहे, स्टिक ही फार तर सोबतीला. ट्यूब एकदम बंद करायची की हळूहळू, हे तेच सांगतील. तोवर सुगंध नसलेली झिंकची स्टिक, हलक्या हाताने, आणि तोंडावर सावली.

स्टिकमुळे घामोळं किंवा मुरुम येतात का?

येऊ शकतात. मेणाचा थर जाड, हवा दमट, त्यात रात्री न धुता झोपलं तर हमखास. तेलकट, मुरुमांचा चेहरा असेल तर दिवसभर सगळ्या तोंडाला स्टिक चोपडण्यापेक्षा हलकं लोशन आणि नाक, गालाची हाडं, कान एवढ्यापुरती स्टिक बरी. पिकलेल्या पुळीवर स्टिक घासू नका. तिथला पू स्टिकला लागतो आणि उद्या दुसऱ्या जागी जातो.

घरात एकच स्टिक सगळ्यांनी वापरली तर?

नको. ती थेट कातडीवर फिरते. ज्याची त्याची वेगळी. आठवड्यातून एकदा वरचा थर स्वच्छ टिश्यूने पुसून काढा.

टिकलीखाली पांढरा डाग पडलाय, तिथे?

लावा. त्या जागी रंग नसल्याने ती लवकर भाजते. पण चिकटवायची टिकली आधी बंद करा आणि डाग डॉक्टरांना दाखवा. टिकलीच्या गोंदातल्या रसायनाने असे डाग पडतात हे त्वचारोगतज्ज्ञांना चांगलं ठाऊक आहे.

लहान मुलांना?

सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन नको, सावली आणि सुती कपडे. त्याहून मोठ्यांना खनिज स्टिक सोयीची, कारण डोळ्यांत जात नाही. मुलांच्या हातात देऊ नका, तुम्ही लावा.

एसटीत खिडकीजवळ किंवा गाडीत बसल्यावर गरज आहे का?

काच यूव्हीबी बरंचसं अडवते, यूव्हीए बरंचसं आत सोडते. वांग किंवा उन्हाची ॲलर्जी असेल तर लावाच. एसटीची काच तशीही उघडीच असते.

स्टिक वितळली. फ्रीजमध्ये ठेवून परत वापरू?

मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत किंवा बंद गाडीत ठेवलेली स्टिक मऊ पडणारच. नुसती मऊ झाली आणि घरात आल्यावर जशीच्या तशी घट्ट झाली तर चालेल. पण पूर्ण वितळून तेल वेगळं सुटलं, वर खडे जमले, वास बदलला तर टाकून द्या. ऊन अडवणारे घटक तिच्यात सारखे पसरलेले राहिलेत याची खात्री देता येत नाही. पैसे वाया गेल्याचं वाईट वाटतं, पण अशा स्टिकच्या भरवशावर उन्हात उभं राहणं त्याहून महागात पडतं. रुमालात गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवली तर ती बरीच टिकते. पॅकवर उघड्या डबीच्या चित्रात १२ एम असं लिहिलेलं असेल तर उघडल्यापासून वर्षभर, पण तुम्ही पुरेशी लावत असाल तर एवढे दिवस ती उरणारच नाही.

रात्री काढायची कशी? साबणाने निघत नाही.

मेण साबणाला दाद देत नाही, आणि मग लोक घासत बसतात. संवेदनशील चेहऱ्याचं निम्मं नुकसान या घासण्यात होतं. सुगंध नसलेलं, तेलावर आधारलेलं क्लेन्झर किंवा साधं बेबी ऑइल कोरड्या चेहऱ्यावर बोटांनी फिरवा, मऊ ओल्या कापडाने टिपून घ्या, मग सौम्य फेसवॉश आणि कोमट पाणी. खोबरेल वापरायला हरकत नाही, पण ज्यांना मुरुम येतात त्यांनी ते टाळलेलं बरं. लगेच साधं मॉइश्चरायझर लावा.

खोबरेल, चंदन, कोकमाचं तूप लावलं तर नाही का चालणार?

उन्हासाठी नाही. खोबरेलाचं संरक्षण इतकं तुटपुंजं आहे की कोकणातल्या दुपारी त्याचा उपयोग नाही. चंदनाने गार वाटतं, किरण अडत नाहीत. कोकमाचं तूप फुटलेल्या टाचांना आणि ओठांना उत्तम आहे, काही स्टिकच्या मेणात तेही घालतात, पण ऊन अडवायचं काम झिंकच करतं. लिंबू चेहऱ्याला कधीच नको.

सनस्क्रीनने ड जीवनसत्त्व कमी होतं का?

रोजच्या नेहमीच्या वापराने कमतरता येते असं दिसलेलं नाही. शंका असेल तर रक्त तपासा आणि डॉक्टर सांगतील तेवढंच घ्या.

रोज एवढी स्टिक परवडत नाही.

खरं आहे. महिन्याला तीन-चार स्टिक हा बहुतेक घरांना न झेपणारा खर्च आहे, आणि जी माणसं सर्वात जास्त उन्हात असतात त्यांनाच तो सर्वात कमी झेपतो. त्यांना मी आधी सनस्क्रीन विकत नाही, कापड सांगते. गडद रंगाची, दाट विणीची सुती ओढणी नाक आणि गाल झाकेल अशी बांधायची. चारी बाजूंनी रुंद काठ असलेली टोपी, पुढे चोच असलेली नको, तिने कान आणि मान उघडी राहते. पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट. खळ्यावर आंबापोळी, कोकमं, सुकट वाळत घालताना पसरायचं काम सकाळी आठपर्यंत, परतायचं काम चारनंतर. खळ्यात मांडव असेल तर बसून करायची कामं त्याखाली.

एवढं झाकल्यावर उघडं राहतं ते नाक, डोळ्यांखालचा पट्टा आणि हातांचे पंजे. तेवढ्यावर स्टिक भरपूर लावायची. अशी वापरली तर एक स्टिक बरीच जास्त दिवस जाते आणि तिचा पैसा वसूल होतो. अर्ध्या ग्रॅमचा पातळ थर सगळ्या चेहऱ्यावर पसरण्यापेक्षा हे मला केव्हाही जास्त पटतं.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

स्टिक बंद करून आठवडा झाला तरी पुरळ जात नाही, डोळे किंवा ओठ सुजले, पाणी भरलेले फोड आले. दोन्ही गालांवर आणि नाकावर लाली राहते आणि सोबत सांधे दुखतात, थकवा येतो, केस गळतात. दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन वाढलं की मान आणि हातांवर खाजरं पुरळ उठतं. एखादा तीळ किंवा डाग आकार बदलतो, रक्त येतं, जखम भरत नाही. श्वास घ्यायला त्रास झाला तर थांबू नका, सरळ दवाखाना गाठा.

जाताना स्टिक आणि तिचं खोकं दोन्ही घेऊन जा. खोकं टाकलं असेल तर घटकांच्या यादीचा फोटो शोधून ठेवा. लावत असलेल्या सगळ्या ट्यूब आणि चालू गोळ्या एका पिशवीत भरा, लपवू नका. नेमकं काय बाधतं हे शोधायला डॉक्टर पॅच टेस्ट सुचवू शकतात. त्यात पाठीवर घटकांच्या पट्ट्या चिकटवून दोन दिवस ठेवतात, तेवढे दिवस पाठ भिजवता येत नाही, नंतर पट्ट्या काढून बघतात आणि आणखी दोन दिवसांनी परत बघतात. उकाड्यात घामाने पट्ट्या सुटतात आणि टेस्ट वाया जाते. घाई नसेल तर तारीख डिसेंबर-जानेवारीची मागा, आणि तोवर ज्या स्टिकवर शंका आहे ती बंद ठेवा.